रेकॉर्ड वाजवायच्या रेगा प्लॅनर ३ टर्नटेबलवर दीड लाख घालायचे आहेत, आधी काय बदलू?

केळीचा_घड, जळगाव

नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली प्लॅनर ३ घेऊन, त्यावर ऑर्टोफॉन टूएम ब्लू कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आहे त्याचाच फोनो इनपुट (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा) वापरतो, स्पीकर बुकशेल्फ. रात्री जेवणं आटोपली की दोन तास ऐकणं होतंच. यंदा केळीला बरा भाव मिळाला म्हणून घरात फारसं न बोलता दीड लाख बाजूला काढलेत. डोक्यात असं आहे की डेनॉन डीएल-१०३ ही एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज घ्यायची आणि जोडीला वेगळा फोनो स्टेज, म्हणजे तिचा सिग्नल वाढवणारा डबा.

त्रास दोन आहेत. साइडच्या शेवटच्या गाण्याला बाईचा आवाज असला की 'स' आणि 'श' चरचरतो, पहिल्या गाण्याला अजिबात नाही. आणि व्हॉल्यूम वाढवला की घूंऽऽ असा हम. बाकीच्यांच्या टर्नटेबलला अर्थिंगची हिरवी वायर असते, माझ्याला नाहीच, मी तर खोकं पुन्हा माळ्यावरून काढून पाहिलं.

जाता जाता अजून एक, आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) दहा-बारा तबकड्या आहेत, त्या यावर वाजतील का?

भुसावळ_आउटर

पैसे खिशात ठेव भो. आधी एवढं सांग, सुई कधी बदलली?

केळीचा_घड

बदलायची असते? हिऱ्याची आहे ना ती.

भुसावळ_आउटर

हिराच आहे, पण झिजतो. नीट सांभाळली तर हजारेक तास धर. तू रोज दोन तास म्हणतो, म्हणजे वर्षाला सातशेच्या वर, सहा वर्षांत चार हजार पार. सुई नाही, खिळा फिरवू राहिला तू रेकॉर्डवर!

आणि 'स' शेवटालाच का चरचरतो ते बघ. तबकडी फिरते मिनिटाला ३३ वेळा आणि वर थोडं, बाहेर काय आत काय तेवढीच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ आल्यावर जेमतेम २१. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. 'स' म्हणजे सगळी बारीक बारीक वळणं, झिजलेली सुई त्या वळणात बसतच नाही, खरडत जाते, आणि खरडलेली खाच काही परत भरून येत नाही. म्हणून म्हणतो, आवडीच्या रेकॉर्डी आजपासून बंद. टूएमची सुई पुढे ओढली की निघते, नुसती सुई मिळते, कार्ट्रिजचे स्क्रू सोडायचेही नाहीत.

धुळ्याचा_तेहतीस

वरच्या भाऊंशी सहमत, आणि एमसीच्या नादात पडण्याआधी माझी फजिती ऐका. डीएल-१०३ मीही आणली होती. कार्ट्रिज एक नंबर यात वाद नाही, १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी केलेली आणि अजून विकली जाते, पण तिचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, तुमच्या ब्लूचं ५.५. ब्लूला शंभर पट वाढवलं की काम होतं, हिला हजार पट लागतं, आणि हजार पट वाढवताना गाण्याबरोबर घरातली सगळी घाणही हजार पट वाढते. मी जोडली, वाटलं आता स्वर्ग, तर मोटार चालू झाली की खट्ट, फ्रिज बंद झाला की टक्क. वर तिच्या सुईचं सस्पेन्शन कडक, जड आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) मागते, रेगाचा आर्म त्यामानानी हलका. सहा महिन्यांनी काढून ठेवली, डबीत आहे.

अर्थिंगच्या वायरचं सांगतो, माळा शोधू नका. रेगाला ती नसतेच, आर्मचं ग्राउंड डाव्या चॅनेलच्या केबलमधूनच जातं. हमचा चोर दुसरीकडे असेल. टर्नटेबल ठेवलंय कुठे? अ‍ॅम्पच्या डोक्यावर असेल तर व्हॉल्यूम थोडा वाढवा, तबकडी न फिरवता आर्म हातात धरून आत-बाहेर हलवा. हम कमी-जास्त झाला तर खालचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजमध्ये शिरतोय.

पाऊण_गुंज

आमचं सराफाचं दुकान आहे म्हणून सांगतो. नवी सुई बसवली की ती रेकॉर्डवर किती वजनानी टेकते ते तपासा, ब्लूला १.८ ग्रॅम. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते असं लोकांना वाटतं, उलट आहे, हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त फाडते. दागिन्यांचा काटा चालतो पण त्याची ताटली उंच असते, सुई रेकॉर्डच्या उंचीवर टेकली पाहिजे, म्हणून मॅट काढून काटा प्लॅटरवर (फिरणाऱ्या थाळीवर) ठेवतो आणि तरी थोडा फरक धरतो. लोखंडी ताटली नको, एमसी तर चुंबकामुळे तिला ओढलीच जाते.

आणि सुई बघायला आमच्याकडचं दहा पटीचं भिंग घेऊन जातात लोक, त्यात फक्त कचरा दिसतो. झीज बघायला शंभर पट तरी पाहिजे.

भुसावळ_आउटर

७८ चं राहिलंच. प्लॅनर ३ ला ३३ आणि ४५ एवढेच स्पीड, वाजणार नाहीत. आणि वाजल्या तरी ही सुई नको, ७८ ची खाच कितीतरी रुंद, तिला ६५-७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची (३३ च्या रेकॉर्डची) सुई तळाला जाऊन कचऱ्यातच घासत बसते. मेहेरबानी करून स्पिरिटनी पुसू नको. एलपीला थोडं चालतं, त्या जुन्या तबकड्या लाखेच्या, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि आडव्या रचल्या असतील तर उभ्या कर, आपल्याकडचा मे महिना बघता पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नको.

केळीचा_घड

मंडळी, तीन आठवड्यांनी येऊ राहिलो, माफी. मित्र कॉलेजात झूलॉजी शिकवतो, त्याच्या लॅबमध्ये नेली सुई. त्यानी आधी तासभर बेडकाच्या स्लाइड दाखवल्या मग माझी लावली. टोक गोलसर दिसायला पाहिजे ना, तर दोन्ही बाजूंना घासून सपाट झालेलं, लाइट पडला की आरशासारखे दोन ठिपके चमकत होते. पोटात गोळाच आला, कुठल्या कुठल्या रेकॉर्डी वाजवल्या यावर.

नवी सुई पुण्याहून मागवली. वजन तपासलं तर ते पण सव्वा ग्रॅमच निघालं, बहुतेक घर बदललं तेव्हा आर्मच्या मागचं वजन सरकलं. दोन्ही नीट केल्यावर 'स' गेला, म्हणजे ज्या रेकॉर्डी कमी वाजवल्या होत्या त्यांचा पूर्ण गेला. तीन-चार लाडक्या आहेत त्यांचा नाही गेला, त्या गेल्याच.

धुळेकर भाऊ, टर्नटेबल अ‍ॅम्पच्या बरोब्बर वरच होतं. उचलून पलीकडच्या कोनाड्यात ठेवलं, केबल जेमतेम पुरली, हम ऐंशी टक्के गायब. उरलेला संध्याकाळी बोअरची मोटार चालू असताना येतो, तेव्हा मी चहा घेतो.

पैसे तसेच आहेत, आणि बायकोला आता कळलंय. कुणाकडे ७८ वाजवणारं टर्नटेबल असेल तर सांगा, तबकड्या घेऊन मी येतो, नाहीतर तुम्ही जळगावला या, भरीत-भाकरी माझ्याकडे.

धुळ्याचा_तेहतीस

टेक्निक्स एसएल-१२०० एमके ७ आहे माझ्याकडे, ७८ चा स्पीड आहे त्यात. रुंद सुई मात्र आणावी लागेल, ती तुमच्या दीड लाखातून. आणि भरीत बामणोदच्या वांग्याचं असेल तरच निघतो.