टायटॅनियमचा सलग थर बसत नाही, काळी भुकटी सुटते (लिथियम-पोटॅशियम क्लोराइड, ४५० °से.)

भट्टी_४५०
वितळलेल्या क्षारांतून विजेने टायटॅनियमचा मुलामा चढवतोय. लिथियम क्लोराइड ४५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५५ (वजनी टक्के), ४५० °से., ॲल्युमिनाची मूस, वर आर्गॉन. त्यात निर्जल टायटॅनियम ट्रायक्लोराइड ३ टक्के. कॅथोड साध्या पोलादाची पट्टी, ॲनोड ग्रॅफाइटची कांडी, करंट चौ. सेंमी.ला ८० मिलिअँपिअर.

हवा आहे १५-२० मायक्रॉनचा सलग थर. मिळते काळी मऊ भुकटी, आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुताना तीही निम्मी गळून जाते. अणूमागे तीन इलेक्ट्रॉन धरून काढलेली एफिशियन्सी (धातू बसवण्यात खरोखर लागलेला करंटचा वाटा) ३० टक्क्यांच्या आत. आर्गॉन बाहेर पडतो त्या नळीच्या तोंडाशी पांढरा धूर दिसतो. करंट निम्मा केला तरी फारसा फरक नाही. नेमकं काय बदलायला हवं?

मोलिब्डेनम
आधी धुराकडे बघा. तो टायटॅनियम टेट्राक्लोराइडचा आहे. ते १३६ °से.लाच उकळतं आणि बाहेरच्या ओलीशी गाठ पडली की ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. ग्रॅफाइट ॲनोडवर क्लोरीन सुटण्याआधी टायटॅनियमच्या ३+ (तीन धनभारांच्या) आयनचं ४+ होतं, आणि ४+ला क्लोराइडचा द्रव जवळजवळ धरून ठेवतच नाही. म्हणजे तुम्ही घातलेलं टायटॅनियम नळीवाटे निघून चाललंय. ग्रॅफाइट काढा, टायटॅनियमचीच कांडी लावा. तिचं क्षेत्रफळ कॅथोडच्या दोन-तीन पट ठेवा, म्हणजे ती सावकाश आणि मुख्यतः २+ होऊन विरघळेल.

कमी एफिशियन्सीचं दुसरं कारण या द्रवाच्या स्वभावातच आहे. क्लोराइडमध्ये टायटॅनियम पायरीपायरीने उतरतं: ३+ वरून २+, मग २+ वरून धातू. कॅथोडवर तयार झालेलं २+ फिरत ॲनोडकडे जातं, तिथे पुन्हा ३+ होतं आणि परत येतं. मीटरवर करंट दिसतो, पट्टीवर मात्र काही बसत नाही. शिवाय २+ आयन आपसातही फुटतात: तिघांपासून दोन ३+ आणि एक धातूचा अणू. हा धातू पृष्ठभागावर न बसता द्रवातच बारीक काळ्या कणांच्या रूपात पडतो. तुमच्या भुकटीचा काही भाग हाच असणार.

उपाय म्हणजे द्रवात जादा टायटॅनियम स्पंज (सच्छिद्र धातूचे तुकडे) टाकून बारा-एक तास तसंच ठेवणं. बरंचसं ३+ त्या धातूशी मिळून २+ होतं. त्यानंतर हिशेब दोन इलेक्ट्रॉनांनी करा: अँपिअर-तासाला ०.८९३ ग्रॅम. तीन इलेक्ट्रॉनांना ०.५९५. आकडा कुठला धरलाय हे न सांगता दिलेल्या एफिशियन्सीला अर्थ नसतो.

आणि ओल. लिथियम क्लोराइड हवेतून पाणी ओढतं आणि तसंच वितळवलं की द्रवात ऑक्साइड तयार होतो. व्हॅक्यूममध्ये २०० °से.पर्यंत टप्प्याटप्प्याने दिवसभर सुकवा. टायटॅनियम घालण्याआधी टंगस्टन कॅथोड आणि ग्रॅफाइट ॲनोड लावून २.५ व्होल्टवर करंट खाली येऊन स्थिर होईपर्यंत चालवा. ग्रॅफाइटचं काम तेवढंच.

क्षारजल
वरचं सगळं केलंत तर एफिशियन्सी सुधारेल, पण २० मायक्रॉनचा सलग थर निव्वळ क्लोराइडमधून मिळणं अवघडच. तिथे झाडासारखे फाटे फुटतात. फ्लोराइड घातलं की ३+ घट्ट बांधलं जातं, २+ची मधली पायरी नाहीशी होते आणि ३+ वरून थेट धातू उतरतो.

पोटॅशियम फ्लोराइड-क्लोराइडचं युटेक्टिक, म्हणजे सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, बघा (४५:५५ मोल टक्के, वितळणबिंदू सुमारे ६०५ °से.). क्योतो विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. २०० ग्रॅमसाठी फ्लोराइड ७८ आणि क्लोराइड १२२ ग्रॅम, तापमान ६५० °से. त्यात पोटॅशियम हेक्साफ्लोरोटायटॅनेट १४.३ ग्रॅम, म्हणजे अंदाजे २ मोल टक्के. तीन ४+ना एक अणू धातू लागतो, म्हणून स्पंज हिशेबाने ०.९५ ग्रॅम, प्रत्यक्षात दीड ग्रॅम टाका.

चौ. सेंमी.ला ५० मिलिअँपिअरवर १०० टक्के एफिशियन्सी धरली तर तासाला ६६ मायक्रॉन, म्हणजे २० मायक्रॉनला १८ मिनिटं. आयन कमी ठेवून करंट वाढवलात तर इथेही फाटे येतील.

मूस निकेलची. काच, क्वार्ट्झ चालणार नाही, फ्लोराइड सिलिकाला खातं. म्हणून काचेच्या नळीतला चांदीचा रेफरन्सही (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात तो इलेक्ट्रोड) बाद. टायटॅनियमची कांडी बुडवून तिच्याशी तुलना करा. फ्लोराइड सुकवताना घाई नको. त्याचं जलयुक्त रूप ४१ °से.लाच स्वतःच्या पाण्यात वितळतं. व्हॅक्यूममध्ये अगदी हळू चढवा.

भट्टी_४५०
धुण्याची पद्धत तीच ठेवली तर चालेल का? आणि कॅथोड पोलादच?

मोलिब्डेनम
तीच अजिबात नको. फ्लोराइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते टायटॅनियमलाच खातं, म्हणजे बसलेला थर धुण्यातच जाईल. हातांना धोका आहे तो वेगळा. या मिश्रणाचा फायदाच हा की पोटॅशियमचे दोन्ही क्षार पाण्यात छान विरघळतात: कोमट ऊर्ध्वपातित पाणी, दोन-तीनदा बदलून, पुरे. लिथियम फ्लोराइड असलेलं मिश्रण मात्र टाळा, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि फटींत अडकून राहतं. पाण्यानेच धुणार असलात तरी हातमोजे घाला आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जवळ ठेवा.

पहिली चाचणी मोलिब्डेनमवर घ्या. पोलादावर काही बिघडलं तर दोष द्रवाचा की पृष्ठभागाचा, ते कळत नाही. निकेल कॅथोड तर चाचणीला नकोच: ६५० °से.ला टायटॅनियम त्यात मुरून मिश्रधातूचे थर होतात.

पट्टी द्रवातून वर उचलल्यावर भट्टीच्या वरच्या थंड भागात आर्गॉनमध्येच १०० °से.च्या खाली येऊ द्या. गरम असताना हवा लागली तर टायटॅनियम ऑक्सिजन पोटात घेतं, थर ठिसूळ होतो आणि तो ऑक्सिजन नंतर धुऊन निघत नाही.

क्षारजल
एक राहिलं. आतापर्यंत जमलेली काळी भुकटी कोरडी करून उघडी ठेवू नका. इतकी बारीक टायटॅनियमची पूड ठिणगीनेच काय, घासण्यानेही पेट घेते, आणि त्यावर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारून उपयोग नाही. पाण्याखाली ठेवा, झाकण सैल ठेवा, आणि धातूच्या आगीसाठीची कोरडी पावडर हाताशी असू द्या.