बाळाचं क्रोशाचं ब्लँकेट वर जाता जाता अरुंद होतंय, कुठे चुकतंय?

दुपटेवाली:
बारशाला द्यायला ब्लँकेट घेतलंय. माप ३० बाय ३६ इंच (साधारण ७५ बाय ९० सेंमी). अ‍ॅक्रिलिकची बेबी लोकर आहे, १०० ग्रॅमच्या गुंड्यावर २४० मीटर लिहिलंय. सुई ४ मिमी. नक्षी वगैरे काही नाही, एका रंगात नुसत्या खांबांच्या (उंच टाक्यांच्या) ओळी. सुरुवात १२० खांबांनी केली, २४ ओळी झाल्यावर मोजले तर ९८ भरले. खाली रुंदी ७५ सेंमी आहे, वर ६१. उंची २८ सेंमी झालीये.

प्रश्न असे: खांब कुठे गळताहेत, आणि जाड किनार लावून हे झाकता येईल का? दोन गुंडे आणलेत, पहिल्यातले ९५ ग्रॅम संपले, तर एकूण किती आणू? नमुन्याच्या तुकड्याला मुक्या खांबांची (बुटक्या टाक्यांची) किनार लावून पाहिली, ती झालरीसारखी फुलते, का? शिवाय उरलेल्या रंगीबेरंगी गुंड्यांतून सोफ्यावर टाकायला ग्रॅनी चौकोनांचं (मधून बाहेर फेऱ्या-फेऱ्यांनी विणलेल्या चौकोनांचं) काही करायचंय, त्याबद्दलही सांगा.

मुका_खांब:
२४ ओळींत २२ गेले, म्हणजे जवळजवळ दर ओळीला एक. इतक्या शिस्तीत आकडा उतरतो तेव्हा गळती कडेलाच असते. मधली घरं (मागच्या ओळीच्या टाक्यांचे माथे, ज्यांत सुई घालतो) सुटत असती तर कधी तीन गेले असते, कधी एकही नाही.

ओळ संपवून वळताना तुम्ही ३ साखळ्या घालत असाल. त्या ३ साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून त्यांच्या पायाशी असलेलं घर सोडायचं आणि दुसऱ्या घरात खांब घालायचा. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. चूक होतेय ती दुसऱ्या टोकाला. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत जायला हवा. ती साखळी घरासारखी दिसतच नाही, कडेला पीळ पडलेला दोरा वाटतो, त्यामुळे सुटते. पुढच्या ओळीत पुन्हा तेच.

याची उलट चूकही होते. पायाशी असलेल्या घरातही खांब घातला आणि शेवटी साखळीतही घातला, की दर ओळीला एक वाढतो आणि ब्लँकेट वर पसरत जातं. दोन्ही चुका एकदम झाल्या तर आणखीच गंमत, एका टोकाला वाढतो, दुसऱ्याला गळतो, मोजणी बरोबर येते आणि कड मात्र नागमोडी. तेव्हा आकड्याबरोबर कडही बघा.

उपाय: १२२ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सुटलेल्या ३ साखळ्या हा एक आणि पुढचे ११९, मिळून १२०. यापुढे वळताना तिसरी साखळी झाली की तिच्यात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवा. परत येताना शेवटचा खांब त्या तुकड्यापाशी घालायचा आणि तुकडा काढून पुढच्या कडेला न्यायचा. सेफ्टी पिन वापरू नका, बाळाची वस्तू आहे, एखादी आत राहून गेली तर वाईट. पहिल्या पाच ओळी प्रत्येक मोजा, मग एकाआड एक चालेल.

३ साखळ्यांची कड खांबापेक्षा बारीक असते आणि शेजारी उभी फट दिसते. ती खटकत असेल तर दुसरी पद्धत आहे: वळताना २ साखळ्या, त्या मोजायच्या नाहीत, खांब पायाशी असलेल्या घरातच सुरू करायचा आणि शेवटी साखळीत काही घालायचं नाही. (या पद्धतीत पायाच्या साखळ्याही १२२च, पण पहिला खांब सुईपासून तिसऱ्या साखळीत.) दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण सुरुवात एका व्हिडिओतली आणि शेवट दुसऱ्यातला, असं झालं की हेच होतं जे तुमचं झालंय.

किनारीने झाकणार नाही. १४ सेंमीचा फरक आहे. दुसऱ्याच ओळीत ११९ झाले असणार, तेव्हा तळापर्यंत उसवा.

दुपटेवाली:
बघितलं, वरची साखळी सोडतेय हे खरं. उसवलेली लोकर कुरळी झालीये, तशीच वापरली तर चालेल?

मुका_खांब:
नको. कुरळ्या दोऱ्याने ताण कमीजास्त होतो आणि ओळी उंचसखल दिसतात. खुर्चीच्या पाठीला सैल लडी गुंडाळा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा. बराच सरळ होतो. तोवर दुसऱ्या गुंड्याने सुरू करा.

आणि एक, नावांचा घोळ लक्षात ठेवा. आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल क्रोशे, पण ब्रिटिश ट्रेबल. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नक्षी कुठल्या देशातली आहे ते आधी बघितलं नाही तर ब्लँकेटची उंची निम्म्यावर येते.

तराजू:
लोकर किती, हे नेटवरच्या तक्त्यांवरून ठरवू नका. प्रत्येकीचा हात वेगळा. तुमच्याकडे हिशोबाला लागणारं सगळं आहे.

सरासरी १०९ खांब, २४ ओळी, म्हणजे साधारण २,६०० खांबांना ९५ ग्रॅम गेली. २८ सेंमीत २४ ओळी, तर ९० सेंमीला ७७ ओळी. १२० गुणिले ७७ म्हणजे ९,२४० खांब. साडेतीन पट झाले, म्हणून ३३५ ग्रॅम. किनार आणि टोकांसाठी दहा टक्के धरा, ३७० होतात. एकूण चार गुंडे, म्हणजे आणखी दोन आणा. उसवायच्या आत हे तुकड्याचं वजन करून ठेवलंत ते बरं केलंत, बहुतेक जणी लोकर संपल्यावर विचारतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी: १५ बाय १५ सेंमीचा तुकडा विणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. ७५ बाय ९० च्या ब्लँकेटमध्ये असे ३० तुकडे बसतात. तुकडा ११ ग्रॅम भरला तर ३३० ग्रॅम.

नवे दोन घेताना लेबलवरचा डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा) नंबर आधीच्या दोनांशी जुळवा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट सारखे दिसतात, घरी उन्हात मधोमध सरळ रेघ दिसते. तुमचे आधीचे दोन आणि नवे दोन वेगळ्या लॉटचे निघाले तर जुन्यातला एक संपेपर्यंत थांबू नका. दोन ओळी जुन्या, दोन नव्या, असं आलटूनपालटून सुरुवातीपासूनच विणा.

प्लायच्या आकड्यावर मात्र भरवसा नको. ३ प्लाय, ४ प्लाय म्हणजे किती पदर पिळले, दोरा किती जाड ते नाही. १०० ग्रॅममध्ये किती मीटर, ते वाचा. लेबल हरवलेलं असेल तर पट्टीवर एक इंचात दोरा शेजारी शेजारी गुंडाळा, ताणायचा नाही. ११ ते १४ वेढे बसले तर ती ४ मिमी सुईची लोकर.

सुती_सखी:
अ‍ॅक्रिलिकच का? बारसं पुण्या-मुंबईत असेल तर वर्षातले आठ महिने ते ब्लँकेट कपाटात जाईल. घाम शोषत नाही, उबट होतं. सुती घ्या.

फक्त दोन गोष्टी. सुताच्या १०० ग्रॅममध्ये मीटर कमी येतात, त्यामुळे त्याच मापाचं ब्लँकेट बरंच जड होतं. आणि पहिल्या धुण्यात आटतं, किती ते तुकडा धुऊन, वाळवून, आधी आणि नंतर मोजूनच कळतं. ‘मिल्क कॉटन’ नावावर जाऊ नका, त्यात बरेचदा अ‍ॅक्रिलिक असतं. लेबलवरची टक्केवारी वाचा. रुमालांच्या लेसचा मर्सराइज्ड दोरा ब्लँकेटला फार बारीक, जन्म जाईल. लाल आणि गडद निळा असेल तर ओला पांढरा कपडा तुकड्यावर घासून बघा, रंग लागला तर पांढऱ्याशेजारी वापरू नका.

सुटी लोकर कशाची आहे कळत नसेल तर चार बोटं दोरा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख उरते. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. आणि हा मणी बघितल्यावर अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री का फिरवत नाहीत तेही कळतं.

तराजू:
सुताबद्दल अर्धं मान्य. नव्या बाळाचं ब्लँकेट आठवड्यात तीनदा धुतलं जातं आणि ओलं जाड सूत पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. भेट देताना धुणारीचा विचार जास्त करावा. सूत आणि अ‍ॅक्रिलिक निम्मे-निम्मे असलेला दोरा दोन्ही बाजू सांभाळतो.

डॉक्टरीणबाईंची_सुई:
लोकर कुठलीही घ्या, वीण घट्ट ठेवा. जाळीदार नक्षी फोटोत गोड दिसते, पण तिच्यात बाळाची बोटं अडकतात. गोंडे, झालर, बटणं, मोती काही लावू नका, तोंडात जातात. आणि देताना सांगा, हे मांडीवर, बाबागाडीत किंवा जमिनीवर अंथरायला आहे, तेही मोठं माणूस शेजारी असताना. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची सूचना आहे की पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळापाशी सुटं पांघरूण ठेवू नये.

दोरा जोडताना गाठ मारू नका. गाठ धुण्यात सुटते किंवा टोचते. १५ सेंमी टोक ठेवा, बोथट सुईने एकदा डावीकडे, मग एक धागा सोडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे ओवा. एकाच दिशेने ओवलेलं टोक हमखास बाहेर येतं.

काठपदर:
किनार फुलते कारण कडेला खांब जास्त होताहेत. आखडली तर कमी. वरच्या आणि खालच्या कडेला सोपं आहे, एका घरात एक. गोंधळ बाजूच्या उभ्या कडांना होतो, तिथे घरं नसतात, ओळींची टोकं असतात.

खांबाच्या एका ओळीच्या टोकाला २ मुके खांब हा नेहमीचा हिशोब. तुमच्या ७७ ओळींना १५४ होतात. पण १० सेंमीत तुमचे १६ बसतात, म्हणजे ९० सेंमीला १४४ च हवेत. दहा जास्त, तेच फुलताहेत. दर आठव्या ओळीला २ ऐवजी १ घाला, बसेल. कोपऱ्यात एकाच घरात ३, आणि त्यातल्या मधल्यात खुणेचा दोरा, म्हणजे पुढच्या फेरीचे ३ तिथेच येतील. पहिल्या फेरीत चूक असेल तर पुढच्या चार फेऱ्यांत ती चौपट दिसते, म्हणून पहिली झाली की ब्लँकेट फरशीवर पसरून बघा. मांडीवर सगळंच सपाट वाटतं.

चौकट_राजा:
ग्रॅनी चौकोनांचं. सोफ्यासाठी १०० बाय १४० सेंमीच्या आसपास पुरतं. ४ मिमी सुईवर ५ फेऱ्यांचा चौकोन साधारण १२ सेंमी होतो, ८ गुणिले १२ म्हणजे ९६ चौकोन, उरलेलं किनारीत भरतं. एका चौकोनात तीन-तीन खांबांचे ६० गट, १८० खांब. तराजूंच्या हिशोबाने सहा-साडेसहा ग्रॅम, सगळे मिळून ६०० च्या पुढे, जोडणी वेगळी.

आता खरी मेख. प्रत्येक फेरी वेगळ्या रंगाची केली तर एका चौकोनाला १० टोकं. ९६ चौकोनांची ९६०. अर्धवट राहिलेल्या ग्रॅनी ब्लँकेटांची घराघरांत जी गाठोडी असतात ती यामुळे. मधल्या ४ फेऱ्या एका रंगात करा, पाचवी सगळ्यांना एकाच रंगाची. टोकं ४ वर आली, आणि चौकोन संपला की त्याच बैठकीत ओवून टाका.

उरलेल्या गुंड्यांची जाडी एकसारखी नसते. तीच सुई, तीच फेऱ्या, पण एक चौकोन ११ भरतो, दुसरा १३. जोडल्यावर मोठा फुगतो. पातळ दोऱ्याला ४.५ ची सुई, जाड दोऱ्याला ३.५. तरी अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक राहिला तर तो चौकोन उशीला वापरा, इथे नको. चौकोनाला पीळ पडत असेल तर दर फेरीनंतर काम उलटवा, सतत एकाच बाजूने विणल्याने तो पडतो.

जोडणी: सुलट बाजू समोरासमोर, फक्त बाहेरच्या धाग्यांतून बोथट सुईने वरून वरून टाके. सपाट बसतं. मुक्या खांबांनी जोडलं तर भराभर होतं, पण उंचवटा येतो आणि लोकर जास्त जाते. आधी सगळ्या आडव्या रेघा शेवटपर्यंत, मग उभ्या. चार कोपरे भेटतात तिथे दोरा तोडायचा नाही, नुसता ओलांडून जायचा.

दुपटेवाली:
पहिल्या ५ ओळी झाल्या, प्रत्येकी १२०. धुण्याबद्दल कार्डावर काय लिहून देऊ?

सुती_सखी:
अ‍ॅक्रिलिक असेल तर एवढं पुरे: “उशीच्या अभ्र्यात घालून, ३० अंशाच्या पाण्यात, मशीनच्या हलक्या फेऱ्यांवर. पिळू नये. दोरीवर लटकवू नये, आडवं वाळवावं. इस्त्री नाही.” दोरीवर टाकलं की पाण्याच्या वजनाने लांबतं आणि मधे पोट येतं, ते मग जात नाही. कार्डाबरोबर त्याच लोकरीचा पाचेक मीटरचा गुंडाळा द्या. वर्षभराने कड उसवली की तुम्हालाच फोन येणार आहे.