स्लर्म : जॉब मिनिटभराचा, वाट तासभर. उपाय सुचवा

मंडळी, मदत हवी आहे.

सामायिक क्लस्टर (जोडलेले अनेक संगणक, त्यातला प्रत्येक म्हणजे नोड), त्यावर स्लर्म (जॉब, म्हणजे कामं, रांगेत लावून नोड वाटून देणारं सॉफ्टवेअर), ॲडमिनचे अधिकार नाहीत. वर्कफ्लोचे तीन टप्पे : इनपुटचे तुकडे पाडणं, प्रत्येक तुकड्यावर हिशेब, शेवटी जोडणी. मधल्या टप्प्यात काही हजार जॉब, एकेक जेमतेम मिनिटभराचा. टप्पे 'आफ्टर-ओके' डिपेंडन्सीने बांधलेत (आधीचा यशस्वी झाला तरच पुढचा सुटतो).

गंमत म्हणजे नोड मोकळे दिसतात आणि माझे जॉब पेंडिंग. कारणाच्या रकान्यात कधी 'रिसोर्सेस' (लागणारे नोड मोकळे व्हायची वाट), बहुतेकदा 'प्रायॉरिटी' (वरच्या अग्रक्रमाचे जॉब पुढे आहेत). टप्पा संपला की पुढचा लगेच सुटायला हवा, पण तो पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. जॉब ॲरे (एकसारखे जॉब एकाच आज्ञेत सबमिट करणं) करून पाहिला. सबमिट करणं सोपं झालं, वाट बघणं तेवढंच. टाइम लिमिट पार्टिशनचं (नोडांच्या गटाचं) डिफॉल्ट आहे, २४ तास.

डिपेंडन्सीत अडकलेल्या जॉबचं वय (रांगेत थांबल्याचा वेळ, ज्याने अग्रक्रम वाढतो) मोजलं जातं का? माझ्या बाजूने काय करता येईल? (कोअर वाढवा, हे ऐकून झालंय.)

प्रतिसाद १
आधी ते २४ तास काढा. मोठ्या जॉबसाठी राखलेल्या नोडांवर मधल्या वेळेत छोटे जॉब बसवणं हे बॅकफिलचं काम, पण ते वेळेत संपणार असतील तरच. मिनिटाच्या कामाला अख्खा दिवस मागितलात तर तो कुठे बसवणार? तुम्हाला मोकळे दिसणारे नोड बहुधा असेच राखलेले आहेत. १० मिनिटं मागा.
वय : डिपेंडन्सी सुटेपर्यंत वाढत नाही. ॲडमिनने 'अक्रू-ऑलवेज' हा प्रायॉरिटी फ्लॅग लावला असेल तरच वाढतं. 'एस-कंट्रोल शो कॉन्फिग' ही स्लर्मची सेटिंग दाखवणारी आज्ञा चालवून बघा.

प्रतिसाद २
सहमत, पण मूळ दुखणं मिनिटभराचा जॉब. बॅकफिलचा फेरा मुळात डिफॉल्टने ३० सेकंदांनी होतो, शिवाय प्रत्येक जॉबची सुरुवात-आवराआवर वेगळी. शंभरेक तुकडे एका जॉबमध्ये घाला आणि आत जीएनयू पॅरललने (एकाच वेळी अनेक आज्ञा चालवणारं साधन) चालवा. टाइम लिमिट अर्थात त्या हिशेबाने. जॉबलॉग (कुठला तुकडा जमला, कुठला फसला याची पॅरललची नोंद) ठेवलात तर फसलेले तुकडेच पुन्हा चालवता येतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पण एक तुकडा फसला तरी पॅरलल शून्येतर एक्झिट कोड (अपयशाची खूण) देणार, मग 'आफ्टर-ओके' पुढचा टप्पा कायमचा अडकवणार ना?

प्रतिसाद २
अडकवणार. 'आफ्टर-एनी' (आधीचा कसाही संपला तरी पुढचा सुटतो) लावा आणि जोडणीच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच आउटपुट फायली मोजा. कमी भरल्या तर तिथेच थांबवा.