मदत हवी आहे: एकाच ब्रॉयलर बॅचमध्ये गंबोरो आणि रक्ती हगवण असल्यास दोन्हींचा संबंध कसा तपासावा?

नमस्कार. मी परजीवीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत असून माझा प्रबंध नाशिक जिल्ह्यातील ब्रॉयलर कोंबड्यांमधील कॉक्सिडिओसिसवर, म्हणजे रक्ती हगवणीवर आहे. चार-पाच आठवड्यांच्या ज्या मेलेल्या पक्ष्यांच्या सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) रक्ताच्या गुठळ्या सापडतात, त्यांतल्या काहींचा बर्साही (गुदद्वाराजवळचा प्रतिकारशक्तीचा अवयव) सुजलेला असून त्यावर पिवळसर, चिकट स्राव असतो आणि मांडीच्या स्नायूंत रक्तस्रावाचे पट्टे दिसतात. हे चित्र गंबोरो या विषाणूजन्य रोगाचे आहे. विषाणूचा भाग प्रबंधात घेण्यास मार्गदर्शकांची संमती आहे, परंतु आमच्या विभागात विषाणूंवर काम केलेले कोणी नाही, म्हणून येथे विचारत आहे.

मुख्य अडचण लसीची आहे. या सर्व बॅचना साधारण चौदाव्या दिवशी गंबोरोची इंटरमीडिएट जिवंत लस पाण्यातून दिलेली असते, त्यामुळे बर्साची आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली तरी सापडलेला विषाणू लसीचा की शेडमध्ये फिरणारा, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. विषाणूच्या बाह्य कवचाचे प्रथिन बनवणाऱ्या व्हीपी-२ जनुकाच्या अतिपरिवर्तनशील भागाचे सिक्वेन्सिंग हा त्यावरचा मार्ग आहे, पण प्रत्येक नमुन्याचे करण्याएवढा निधी माझ्याकडे नाही. आधी बर्साची ऊतीतपासणी करून, लसिका कूपांचा (बी-पेशींच्या पुंजक्यांचा) ऱ्हास जास्त असलेले नमुनेच सिक्वेन्सिंगला पाठवले तर चालेल का? काही लसींनीही बर्साला इजा होते, मग सीमारेषा कोठे धरावी?

दुसरी शंका तत्त्वाची आहे. गंबोरोचा विषाणू बी-लसिकापेशी नष्ट करतो, तर आयमेरिया या रक्ती हगवणीच्या परजीवीविरुद्धची प्रतिकारशक्ती मुख्यतः टी-पेशींवर अवलंबून असते आणि बर्सा काढून टाकलेले पक्षीही पुनर्संसर्गाला तोंड देतात. असे असताना ‘गंबोरोमुळे रक्ती हगवण बळावली’ असे मृत पक्ष्यांच्या निरीक्षणावरून लिहिणे मला धाडसाचे वाटते. त्याच शेडमधील वरवर निरोगी पक्षीही तुलनेसाठी घ्यावेत, असा विचार आहे.

ऊसिस्टच्या, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या परजीवीच्या अंड्यासारख्या अवस्थेच्या, मोजणीवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. आयमेरिया टेनेलामध्ये रक्तस्राव संसर्गानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो, पण ऊसिस्ट विष्ठेत यायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे सर्वाधिक आजारी पक्ष्यातच मॅकमास्टर काचपट्टीवरची ऊसिस्टची मोजणी जवळजवळ शून्य येऊ शकते. शिवाय खाद्यात सॅलिनोमायसिन हे कॉक्सिडिओसिसरोधक औषध असतेच. म्हणून जॉन्सन आणि रीड यांच्या १९७० च्या, आतड्यातील जखमांना ० ते ४ गुण देण्याच्या पद्धतीवर मी भर देत आहे, तर तुसातील ऊसिस्ट फक्त शेडची पातळी कळण्यापुरते मोजते.

शेवटचा प्रश्न व्यवहारातला आहे. सध्या अर्धा बर्सा फॉर्मेलिनमध्ये आणि अर्धा बर्फाच्या डब्यात ठेवते, पण प्रयोगशाळा चार तासांवर आहे. अशा अंतरासाठी बर्साचा ठसा एफटीए कार्डवर (जनुकीय द्रव्य टिकवणाऱ्या कागदावर) घेणे पुरते का? पुढील बॅचचे नमुने याच महिन्यात घ्यायचे आहेत, तेव्हा ज्यांनी स्वतः कार्ड वापरले आहे त्यांनी अनुभव अवश्य कळवावा.