मदत हवी आहे: पोटाचा टीबी की अंडाशयाचा कर्करोग? तुकडा तपासण्याआधी मोठी शस्त्रक्रिया करावी का?

नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात राहतो. माझ्या मोठ्या आईचे (वय ४४) पोट कापूस वेचणीच्या दिवसांपासून फुगत चालले आहे. संध्याकाळी बारीक ताप येतो, जेवण जात नाही आणि हात इतके वाळले आहेत की बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. सीटी स्कॅनमध्ये पोटात पाणी, उजव्या अंडाशयाजवळ गाठ आणि ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, जाड झालेला दिसतो. रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन) हे ४१० आले असून रिपोर्टवर मर्यादा ३५ लिहिली आहे.

एवढ्यावरून एका खासगी दवाखान्यात अंडाशयाचा कर्करोग सांगण्यात आला आणि गर्भपिशवीसह दोन्ही अंडाशय काढण्याची तारीख दिली गेली. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते हा पोटाचा टीबी असू शकतो, कारण मोठ्या बाबांना काही वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला होता. त्यांचा सल्ला असा की टीबीच्या गोळ्या सुरू करून फरक पडतो का ते पाहावे.

मी जे वाचले आणि विचारले त्यावरून एवढे समजले की सीए-१२५ पोटाच्या आतील आवरणाला सूज आली तरी वाढते, त्यामुळे ते टीबीतही शेकड्यांत जाऊ शकते. सीटी स्कॅनमधील चित्रही दोन्ही आजारांत जवळजवळ सारखे दिसू शकते. पोटातून काढलेले पाणी पिवळसर होते. त्यात प्रथिने जास्त, पेशींमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अधिक आणि एडीए (टीबीत वाढणारे एक एन्झाइम) ५२ आले. एडीए साधारण ४० च्या वर असेल तर टीबीची शक्यता वाढते, पण त्यावरून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. त्याच पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) हीही निगेटिव्ह आली. मात्र पोटातील पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, म्हणून या निगेटिव्ह निकालाने टीबी नाही असे ठरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, त्यानेही काही सुटत नाही.

त्यामुळे आजारी भागाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय (म्हणजे बायोप्सीशिवाय) ना गर्भपिशवी काढावी, ना गोळ्या सुरू कराव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होणारा आजार असताना बाईचे अवयव विनाकारण जातील. कर्करोग निघाला तर गोळ्यांवर घालवलेला काळ तिला महागात पडेल.

माझे विचारणे हे आहे. जाड झालेल्या ओमेंटमचा तुकडा सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने सुईने घेता येईल का, की दुर्बिणीतून घेणेच योग्य? सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आम्हाला सोयीचे आहे, नागपूरच्या मेडिकललाही (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) नेता येईल. यांपैकी कुठे अशा रुग्णाची बायोप्सी झालेली कोणाला माहीत असेल, तर आधी कोणत्या विभागात जावे ते कृपया सांगावे. तुकडा पूर्ण फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारे रसायन) टाकला तर त्यातून टीबीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, होत नाही, म्हणून एक भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवून सीबीनॅट आणि कल्चरला पाठवावा लागतो, असे कळले. ही विनंती आम्ही डॉक्टरांना आधीच लेखी द्यावी का, की ते स्वतःच करतात? तोंडी सांगितलेले गर्दीत राहून जाईल, याची मला भीती वाटते.

आणखी एक शंका आहे. पोट पुन्हा तटतटले असून तिला आडवे झाले की दम लागतो. बायोप्सीपूर्वी पाणी परत काढून घेतले तर तुकडा घेण्यात अडचण येते का?

शस्त्रक्रियेची तारीख येत्या सोमवारची आहे, ती पुढे ढकलण्याविषयी घरात अजून एकमत नाही. ज्यांच्या घरी असा पेच पडला होता त्यांनी, आणि येथे डॉक्टर असतील तर त्यांनी, रविवारपर्यंत उत्तर द्यावे. नाव झाकून सगळे रिपोर्ट मी येथे टाकू शकते.