एसटीत मोठ्या पोरांची दादागिरी, तक्रार कुठे करायची?

खाडीकाठ: दहावीची पोरं आठवीतल्यांना एसटीच्या मागच्या सीटवर गाठतात, डबा हिसकावतात, दप्तर खिडकीबाहेर धरतात. तक्रार शाळेत की डेपोत?

देवगडकर: दोन्हीकडे, आणि लेखीच. वहीत तारीख, गाडीची वेळ, काय झालं, कोणी पाहिलं ते टिपा. मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाच्या दोन प्रती काढा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं पागोळीच्या पाण्यासारखं वाहून जातं.

माडाखाली: एक मात्र, त्रास देणारा आणि सोसणारा अशा दोघांना समोरासमोर उभं करून 'हात मिळवा' करायला लावू नका. वचपा त्याच संध्याकाळी गाडीत निघतो. वेगवेगळं विचारायला सांगा. लहानग्यांना कंडक्टरजवळ बसवा.

देवगडकर: खरंय. मारहाण असेल तर मात्र वही भरत बसू नका. १०९८ लावा, मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू.