वालाला युरिया देण्याआधी मुळं बघा
वाल पिवळट दिसला की युरिया टाका, असा सल्ला दिला जातो; तो मला पटला नाही. भातानंतरच्या वालाला जादा नत्र (युरियातलं नायट्रोजन) दिलं की पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात. महिन्याभराची दोन-चार रोपं मातीसकट खुरप्याने उचला, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र तयार होतंय. पांढरी, हिरवट निघाली किंवा गाठीच नसतील, तर रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू) कमी पडलंय. पाणी साठलेल्या भातखाचरात हे जिवाणू कमी उरतात. म्हणून पेरणीआधीच १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धक (जिवाणू खत) चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी.

आणि भात कापल्यावर पेरणी लांबवू नका हो! ओल उडाली की फुलं गळतात. सोय असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला एक पाणी द्याच.